एका कोटावर दोन बिल्ले

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर काही आलं असेल तर तो सुतळीचा चेंडू. आवक-जावक विभागाच्या दारात मी नेमणुकीचं पत्र घेऊन उभी होते. समोरच्या टेबलामागे एक उंच, सावळ्या, सडपातळ बाई उभ्याउभ्याच टपाल फोडत होत्या. त्यांनी मान वर केली, "घे!" म्हणाल्या, आणि काही कळायच्या आत तो चेंडू माझ्या खांद्याला लागून जिन्यावरून घरंगळत खाली गेला.

"आन तो," त्या म्हणाल्या. "अन् काहून वं, जमीन पाहून काहून उभी राहिली? काई पडलं का तुहं?"

मी रामटेकची. वय बावीस. टायपिंगची परीक्षा पास होऊन नागपुरात मामाकडे राहायला आलेली, आणि मोठ्या माणसांसमोर मान वर करायची नाही या वळणात वाढलेली. मी खाली जाऊन चेंडू आणून दिला. "उद्या पकडजो," एवढंच बोलून त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, न वाचता त्यावर आवकचा शिक्का मारला आणि मला माझा टाइपरायटर दाखवला.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या विभागाचे हेडक्लार्क बडेबाबू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "घाबरू नको. या ताई देशाकडून खेळल्या आहेत. एकदा हॉकी, एकदा क्रिकेट. माझे दोन चष्मे फुटले, पण या वयात मला झेल घेता येतो."

तो चेंडू ताईंनी स्वतः केलेला होता. टपालाच्या गठ्ठ्यांना बांधून आलेली सुतळी त्या कधी टाकत नसत. गाठ सोडवायची, सुतळी चेंडूवर गुंडाळायची, मग पत्र वाचायचं. दिवसातून चार-पाच वेळा तो चेंडू न सांगता कुणाच्या तरी दिशेने निघे. नुसतं "घे!" ऐकू येई. झेल सुटला तर रागवायच्या नाहीत, फक्त "आन तो" म्हणायच्या. एकदा मुंबईहून एक मोठे साहेब तपासणीला आले होते. कपाळाला आठ्या, मागे चार माणसं. ते दारातून आत आले आणि ताईंच्या तोंडून सवयीने "घे!" निघून गेलं. बडेबाबूंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी डाव्या हाताने चेंडू टिपला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कॉलेजात स्लिपमध्ये उभा राहायचो मी." त्या वर्षी आमच्या विभागाच्या तपासणीत एकही शेरा आला नाही.

मला पहिला झेल घ्यायला सव्वा महिना लागला. त्या दिवशी ताईंनी चेंडू परत घेतला आणि पुढची गाठ सोडवली. संध्याकाळी निघताना मात्र म्हणाल्या, "पाह्यलं? मान वर केली का दिसते."

ताई खुर्चीवर बसत नसत. टेबलाजवळ एक लाकडी स्टूल होतं, त्यावर डबा ठेवलेला असे. डबासुद्धा उभ्यानेच खायच्या. त्या सायकलने येत. सायकलच्या दांड्याला हॉकीची स्टिक बांधलेली आणि मागच्या कॅरियरवर कापडी पिशवीत बॅट. ऑफिस सुटलं की आठवड्यातले तीन दिवस एक सराव आणि तीन दिवस दुसरा. आज कोणता वार आहे हे विसरलं तर आम्ही खिडकीतून त्यांची सायकल पाहत असू. हॉकीच्या दिवशी स्टिक सुटीच असे, गाठ सैल करून ठेवलेली.

थंडीत त्या साडीवर देशाचा कोट घालून येत. निळ्या रंगाचा, कोपरांवर थोडा विरलेला. कोट हॉकीचा होता. क्रिकेटच्या वेळी त्यांना बिल्ला मिळाला. कोट मात्र मापाचा आलाच नाही. त्यांना जो दिला त्यात त्यांच्या म्हणण्याप्रमाणे "मी अन् माही माय दोघी मावलो असतो." मग त्यांनी तो परत केला, बिल्ला तेवढा ठेवून घेतला. डिसेंबरात कोटाच्या खिशावर हॉकीचा बिल्ला असे, जानेवारीत तो उसवून तिथे क्रिकेटचा शिवलेला असे. बडेबाबूंनी एकदा विचारलं, "काहून जी ताई, दोन्ही शेजारी-शेजारी लावत काहून नाही?"

"खिसा एकच हाय ना," ताई म्हणाल्या. त्यांना ही गोष्ट इतकी उघड वाटत होती की पुढे कोणी काही विचारलं नाही.

परदेशाबद्दल विचारलं तर त्यांच्याकडून फार काही मिळत नसे. मी विचारलं होतं, तिथली दुकानं कशी, माणसं कशी. त्या विचारात पडल्या. "गवत मस्त होतं," त्या म्हणाल्या. "ओलं. चेंडू सरपटत जाते. आपल्या इथी चेंडू खड्ड्यात जाऊन विचार करते, मंग उडते." त्यांच्या लेखी जगाचे दोनच भाग होते, गवताचा आणि मुरमाचा. एका क्रिकेटच्या दौऱ्यात त्यांना बसच्या खिडकीतून हॉकीचं मैदान दिसलं आणि त्यावर शाळेच्या मुली सराव करताना दिसल्या. ताईंनी ड्रायव्हरला बस थांबवायला लावली, क्रिकेटच्याच कपड्यांत उतरल्या, एका मुलीकडून स्टिक मागून घेतली आणि खेळू लागल्या. बाकी संघ बसमध्ये ताटकळत बसला. कॅप्टनने शिक्षा म्हणून पुढच्या सामन्यात त्यांना बाहेर बसवलं. "बसवलं ना," ताई सांगत. "पण गोल झाला होता."

हॉकी त्यांच्याकडे शाळेत आली. वडील लवकर गेलेले. आई गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात. शाळेच्या संघाला एक मुलगी कमी पडली म्हणून ताईंना उभं केलं, आणि मग त्यांना कोणी बसवू शकलं नाही. क्रिकेट मात्र चिंचांमुळे आलं. सत्तरच्या सुमारास नागपुरात मुलींचं क्रिकेट नुकतंच कुठे सुरू होत होतं. एकाच मैदानाच्या एका टोकाला हॉकी आणि दुसऱ्या टोकाला त्या नव्या क्रिकेटवाल्या. एका संध्याकाळी क्रिकेटचा चेंडू घरंगळत ताईंपाशी आला. त्यांनी तो उचलला आणि तिथूनच फेकला. मैदानाच्या त्या टोकाला मधली यष्टी आडवी झाली. क्रिकेटचे गुरुजी अख्खं मैदान चालत आले.

"बाई, क्रिकेट खेळता का?"

"नाई जी. हाकी खेळतो."

"मग फेकायला कुठे शिकलात?"

"चिंचा पाडून."

तिथून तीन-चार वर्षांत त्या देशाच्या क्रिकेट संघात होत्या. बॅट त्या स्टिकसारखीच धरत. हॉकीत चेंडू उंच उडवणं म्हणजे गुन्हा, ते अंगात इतकं भिनलेलं की पहिलं वर्षभर त्यांनी एकही चेंडू हवेत मारला नाही. सगळा जमिनीवरून, पण असा की अडवणारीच्या हाताची आग व्हावी. अडचण एकच होती, ती म्हणजे पाय. हॉकीत चेंडूला पाय लागला की फाउल. क्रिकेटात सीमेवर चेंडू सुटत असला तर पाय घालून अडवायचा असतो. ताई घालत नसत. चेंडू त्यांच्या बुटाशेजारून निघून जाई आणि कॅप्टन कपाळावर हात मारून घेई. "पाय का नाही घातला?" "फाउल होते ना!" शेवटी त्यांना रोज अर्धा तास नुसता पाय घालायला लावला. दोन महिन्यांत सवय पक्की झाली.

आणि मग हॉकीचा दौरा आला.

ही हकीकत मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा त्या हसतच सांगत होत्या. "समोरची पोट्टी आत घुसली. आपली गोलकीपर पडली होती. चेंडू चालला होता हळूहळू, गोलाकडे, फिरायले निघाल्यावानी. माही स्टिक पोचत नव्हती. पाय पोचला." इथे त्या थांबत. "मस्त अडवला. क्रिकेटात टाळ्या पडल्या असत्या."

पंचाने पेनल्टी स्ट्रोक दिला, गोल झाला आणि सामना गेला. परत आल्यावर जो तो एकच सांगू लागला, एक खेळ सोडा. निवड करणाऱ्यांनी सांगितलं, ओळखीच्यांनी सांगितलं, भाजीवालीनेही सांगितलं. ताईंनी काहीच सोडलं नाही. पण हॉकीने त्यांना सोडलं. दोन वर्षं शिबिराचं पत्र आलं नाही. ही गोष्ट सांगून झाली की त्या दोन्ही हात पदराला पुसत, जणू काही चिकटलं होतं. मग "घे!" म्हणून चेंडू फेकत.

मी नोकरीला लागल्याला वर्ष झालं असेल. दिवाळी होऊन गेली होती, सकाळी टाइपरायटरच्या कळा गार लागायच्या. सोमवारचं टपाल मोठं होतं. ताई गाठी सोडवत होत्या, शिक्के मारत होत्या. मध्येच शिक्क्याचा आवाज थांबला. मी पाहिलं तर त्या एक पत्र हातात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी त्यावर शिक्का मारला, नोंदवहीत नंबर टाकला, आणि मला म्हणाल्या, "हाकीचं आलं वं."

भोपाळला शिबिर होतं. शेवटच्या दिवशी संघ निवडायचा आणि तिथूनच परदेशी जायचं. दोन वर्षांनी त्यांना बोलावलं होतं. बडेबाबूंनी स्वतःच्या डब्यातला तिळाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. "आता पाय घरी ठेवून जा," ते म्हणाले आणि सगळे हसले. ताईही हसल्या.

गुरुवारी दुसरं पत्र आलं. बाहेरच्या देशाचा क्रिकेट संघ भारतात येणार होता आणि त्याचा एक तीन दिवसांचा सामना नागपूरला होता. ताई संघात होत्या. त्यांनी याही पत्रावर शिक्का मारला, नंबर टाकला, मग दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि तारखा पाहिल्या. सामना बरोबर शिबिराच्या मध्यावर येत होता.

त्यानंतरचे चार दिवस आमच्या विभागात दोन तट पडले. बडेबाबू हॉकीचे. "ताई, परदेश सोडून कोणी नागपुरात खेळते का? अन् हे हॉकीचं बोलावणं पुन्हा येणार नाही. वय पाहा जी." वयाचं ते चुकीचं बोलले नव्हते. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वर्षी, ताई दहा वर्षांच्या होत्या, आईचं बोट धरून दीक्षेला चालत गेलेल्या. म्हणजे आता तिशी ओलांडून तीनेक वर्षं झाली होती. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं की आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर देशाकडून खेळायला पुन्हा कधी मिळणार? ताई दोन्ही बाजू ऐकून घेत. त्या चार दिवसांत सुतळीचा चेंडू एकदाही उडाला नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या. "तू सांग वं. तू काईच बोलून नाई राहिली."

मला खेळातलं काही कळत नव्हतं. जे मनात आलं ते विचारलं, "तुमच्या आईंनी कुठला खेळ पाहिलाय तुमचा?"

ताईंच्या हातातला घास डब्यात परत गेला.

"कोणताच नाई," त्या म्हणाल्या. "आधी तिची पाळी असे गिरणीत. रविवारी मी बाहेरगावी राहो. मंग तिचे घुडघे गेले. मी येतो म्हणून सांगून जाओ, अन् आली म्हणून सांगो. ती भाकर वाढे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चाल, टाइप कर."

मी कागद चढवला. त्यांनी उभ्यानेच मजकूर सांगितला. शिबिराला येऊ शकत नाही. त्या तारखांना नागपुरात सामना आहे आणि मायले मॅच दाखवायची आहे. माफी असावी.

"ताई, असं नाही लिहीत," मी म्हटलं. "अपरिहार्य कौटुंबिक कारणामुळे, असं लिहू."

"कारण खरं हाय ना?"

"खरं आहे."

"मंग तेच टाइप."

मी 'मायले' चं 'आईला' केलं, बाकी तसंच ठेवलं. ताईंनी सही केली, जावकचा नंबर टाकला, आणि लिफाफा डिंकाने बंद करताना दोन्ही बाजूंनी बोट इतक्या वेळा फिरवलं की मला ते पाहवेना.

सामन्याच्या पहिल्या दिवशी आईंना आणायचं काम माझ्याकडे होतं. मी रिक्षा घेऊन उत्तर नागपुरातल्या त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताईंचे करंडक, त्यातल्या सर्वांत मोठ्यात तूरडाळ ठेवलेली. आई तयार होऊन बसल्या होत्या. वर्षातून एकदा, दीक्षेच्या दिवशी नेसायची ती पांढरी साडी त्यांनी काढली होती. मैदानावर पोचलो तर दोन्ही संघ पांढऱ्या कपड्यांत. ताई कठड्यापाशी आल्या, आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माय, तू तं टीममधलीच दिसून राहिली."

पाहुण्यांनी नाणेफेक जिंकली आणि दिवसभर फलंदाजी केली. ताई एका बाजूला क्षेत्ररक्षणाला उभ्या. मी आईंना सांगत होते, ही आता धावेल, तो चेंडू तिकडे येईल. पण त्या दिवशी चेंडूने जणू ठरवलंच होतं. सगळीकडे गेला, ताईंकडे उभ्या दिवसात चारदा आला. चारही वेळा त्यांनी वाकून उचलला आणि परत दिला. आई डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून पाहत होत्या. दुपारी त्यांनी पान लावलं. संध्याकाळी खेळ संपल्यावर ताई कठड्यापाशी आल्या, चेहरा उन्हाने तापलेला. "कसं वाटलं माय?"

आईंनी मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तं उभीच होती दिवसभर," त्या म्हणाल्या. "यासाठी इतक्या दूर दूर जात होती?"

दुसऱ्या दिवशी ताईंची फलंदाजी होती. "पाह्यलं ना मी," म्हणून आई आल्या नाहीत. ताई त्या दिवशी फार सुंदर खेळल्या. आमचं अर्धं ऑफिस रजा टाकून तिथे होतं, बडेबाबूसुद्धा. जिच्यासाठी सगळं केलं ती मात्र घरी तांदूळ निवडत होती.

सोमवारी ताईंनीच ही गोष्ट ऑफिसात सांगितली, आईचा आवाज काढून, आणि आम्ही पोट धरून हसलो. हॉकीचा संघ त्याच आठवड्यात परदेशी रवाना झाला. बडेबाबूंनी ती बातमी असलेलं वर्तमानपत्र घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. हॉकीचं पत्र ताईंना पुन्हा कधीच आलं नाही. त्या सोमवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या टेबलाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिले हाकी पाहायले पाहिजे होती वं. चूक झाली. क्रिकेटात माणूस दिसत नाई."

मग एकदम माझ्याकडे वळल्या. "रविवारी काय करून राहिली?"

त्या रविवारी सकाळी ऑफिसमागच्या मुरमाच्या मैदानावर जो हॉकीचा सामना झाला, तसा नागपुरात पुन्हा झाला नसावा. ताईंच्या जुन्या संघातल्या सात-आठ जणी, दोघी तर कडेवर मुलं घेऊन आलेल्या. जवळच्या शाळेतल्या मुली. आणि संख्या पुरी करायला आमच्या ऑफिसातल्या आम्ही चौघी, पदर खोचून. मला गोलात उभं केलं, साडीवर क्रिकेटचे पॅड बांधून. मी ताईंच्या विरुद्ध संघात होते. बडेबाबूंच्या गळ्यात शिट्टी. आई कडुनिंबाच्या सावलीत ऑफिसातून आणलेल्या खुर्चीवर, आज साध्या लुगड्यात, कारण त्यांना वाटलं होतं आजही लेक दिवसभर उभीच राहणार.

बडेबाबूंनी शिट्टी वाजवली आणि ताई निघाल्या.

मी वर्षभर त्यांना टेबलामागे उभं पाहिलं होतं, सायकलवर पाहिलं होतं, क्रिकेटच्या मैदानावर पाहिलं होतं. अशा धावताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मुरमावर चेंडू वेडावाकडा उडत होता, पण त्यांच्या स्टिकपाशी आला की गप्प होई. एकीला डावीकडून मागे टाकलं, दुसरीला उजवीकडून. त्या माझ्याकडे येत होत्या आणि मला दिसत होतं की त्यांचं तोंड उघडं आहे, त्या हसत आहेत, लहान मुलीसारख्या. मी बाजूला झाले. कोणीही झालं असतं. पाच गोल झाले. मग एकदा मी डोळे मिटून पाय पुढे केला आणि चेंडू अडला, तेव्हा ताईंनी तिथेच थांबून माझ्या पाठीवर थाप मारली आणि सहावा गोल केला.

आई खुर्चीवरून कधी उठल्या ते कोणालाच कळलं नाही. सामना संपला तेव्हा त्या उन्हात, रेघेवर, एक हात गुडघ्यावर ठेवून उभ्या होत्या. ताई धापा टाकत त्यांच्यापुढे जाऊन थांबल्या. आईंनी वाकून मुलीच्या पोटऱ्यांना हात लावून पाहिला, आधी एकीला, मग दुसरीला, बाजारात काही घेण्याआधी पाहावं तसा.

"हे तू इतके वर्स करत होती?"

"हो, माय."

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगत तं होती. दर वेळी सांगून जाओ ना, का खेळाले जातो म्हणून."

"खेळाले जातो म्हणे तू," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, आणि तो राग होता की काय ते आम्हाला कोणालाच ठरवता येईना. "अशी धावते म्हणून नाई सांगितलं."